तळं, डास आणि गणपतीच्या आत परत

परवा रात्री एका मित्राचा फोन आला. जानेवारी लागला की असे फोन येतातच. सिएरा नेवाडातल्या बऱ्याचशा सरकारी कॅंपग्राउंडांचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं, त्यामुळे बे एरियातली समस्त देसी मंडळी ऐन थंडीत अंगावर शाल घेऊन जुलैतल्या तंबूची जागा पकडायला बसतात. मित्राचे आईवडील मे महिन्यात पहिल्यांदाच इकडे येणार आहेत. म्हणाला, "चार जुलैच्या वीकांताला डोंगरातल्या एखाद्या तळ्याकाठी दोन रात्री तंबूत काढू म्हणतोय. तू नेहमी जातोस, एखादं तळं सुचव ना. आणि हो, डासांवर काय न्यायचं?"

मी म्हटलं, "चांगली तारीख न्यायची."

त्याला वाटलं लाइन खराब आहे. मग मी समजावायला गेलो, तर तिकडून कुकरची शिट्टी झाली, त्याला बायकोने हाक मारली आणि विषय राहिला. तेव्हा फोनवर जे धड सांगता आलं नाही ते इथे लिहितोय. वाचेल तो.

माझं म्हणणं साधं आहे. डोंगरातल्या तळ्याकाठी डासांनी हैराण झालेला माणूस बहुतेक वेळा चुकीचं क्रीम नेल्यामुळे हैराण झालेला नसतो, चुकीच्या आठवड्यात गेल्यामुळे झालेला असतो. आणि आपण लोक तो आठवडा बर्फ बघून ठरवतच नाही. शाळेची सुट्टी, लाँग वीकेंड आणि आईवडिलांचं परतीचं तिकीट, या तीन गोष्टी बघून ठरवतो. डासांना यातली एकही ठाऊक नसते.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही.

२०११ साली माझे आईबाबा मेच्या मध्यावर आले. आईबाबा इकडे यायचे म्हणजे त्याचं एक ठरलेलं वेळापत्रक असतं, ते तुम्हालाही माहीत असेल. पुण्याचा उन्हाळा चुकवून यायचं आणि गणपतीच्या आत परत. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती, घरातलं थोरलं पातं म्हणजे बाबाच, त्यामुळे त्यात तडजोड नाही. त्या वर्षी गणपती होते १ सप्टेंबरला, म्हणून परतीचं तिकीट २४ ऑगस्टचं. मी जानेवारीतच हायवे ८८ वरच्या सिल्व्हर लेकची जागा जुलैच्या चौथ्या वीकांतासाठी पकडून ठेवली होती. साधारण ७२०० फुटांवरचं तळं, गाडी थेट तंबूपर्यंत जाते, आईबाबांना चालायला नको. आपण किती दूरदृष्टीचे, म्हणून स्वतःवरच खूश होतो.

मार्चमध्ये सिएरात धो धो बर्फ पडला. मी फ्रीमॉंटमध्ये बसून त्याचे फोटो बघितले, "वा" म्हटलं आणि पुन्हा कामाला लागलो. त्या बर्फाचा आणि माझ्या आरक्षणाचा काही संबंध आहे हे डोक्यातच आलं नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधले बग शोधून पोट भरतोय, पण हा दिसला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पोचलो. गाडीचं दार उघडलं आणि आईने ते तितक्याच वेगाने लावून घेतलं. डास म्हणजे किती? तंबूचे खांब जोडताना दोन्ही हात अडकलेले, तेवढ्यात मनगटावर आठ-दहा बसलेले. गुणगुणणं ऐकू येत नव्हतं, कारण ते सगळीकडून सारखंच येत होतं. आईने पुलाव आणि कोशिंबीर गाडीत बसूनच वाढली, काचा वर करून. शेजारच्या तंबूवाल्याने गॅसच्या टाकीवर चालणारं धुराचं यंत्र आणलं होतं, ते घेऊन तो आपल्या जागेभोवती प्रदक्षिणा घालत होता. धूर आमच्याकडे, डास दोन्हीकडे. सकाळी माझ्या सात वर्षांच्या लेकीचा एक डोळा सुजून पूर्ण मिटला होता. पापणीवर दोन चावे, बाकी काही नाही, पण आईने तो डोळा बघितला आणि सहलीचा निकाल तिथेच लागला.

एकट्या बाबांना मात्र मजा येत होती. का, ते सांगतो.

बाबांची सगळी नोकरी हिवताप खात्यात झाली. १९६६ साली लागले, २००२ साली निवृत्त झाले. सुरुवातीची वर्षं कुलाबा जिल्ह्यात (आताचा रायगड) आणि ठाण्याच्या आदिवासी पाड्यांवर. दर पंधरवड्याला घरोघर जायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं, असेल तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या. फवारणीच्या मोसमात लोकांच्या घरातली भांडीकुंडी बाहेर काढायला लावून आतून भिंतींवर डीडीटी मारून घ्यायची. आम्ही लहान असताना घरात डास दिसला तर बाबा आधी मारायचे नाहीत, आधी तो भिंतीवर कसा बसलाय ते वाकून बघायचे. आई वैतागायची.

शनिवारी दुपारी आई आणि सुजलेल्या डोळ्याची लेक गाडीत, बायको त्यांच्याबरोबर. मी आणि बाबा कार्सन पासपासून विनेमुक्का लेकच्या वाटेवर थोडं चालून आलो. ८५७४ फुटांवरची खिंड ती. जुलै संपत आला होता तरी झाडांच्या सावलीत बर्फाचे मळके ढीग होते आणि प्रत्येक ढिगाखालून पाणी झिरपून कुरणातल्या खळग्यांत साचलं होतं. बाबांनी एका डबक्याशी उकिडवं बसून लेकीची स्टीलची वाटी (खाऊची, तिला अजून सांगितलेलं नाही) पाण्यात बुडवली, उन्हात तिरकी धरली आणि म्हणाले, "हे बघ."

वाटीत दहा-पंधरा अळ्या वळवळत होत्या.

"डोकं खाली, शेपूट वर. शेपटीतल्या नळीनं श्वास घेते. ॲनाफिलीसची अळी अशी लोंबकळत नाही, पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून असते. हा हिवतापाचा डास नव्हे." मग उठून त्यांनी लांबवर चमकणाऱ्या पाण्याकडे हात केला. "आणि तू उगाच तळ्याला नावं ठेवतोयस. खोल पाणी, वर लाटा, तिथे अळी टिकत नाही. ही सगळी पैदास या डबक्यांची." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "ही डबकी आटतात कधी?"

मी म्हटलं, "बर्फ संपला की. यंदा ऑगस्टअखेर आटतील."

"मग ऑगस्टअखेर यायचं होतं ना."

"तेव्हा तुमचं विमान आहे, बाबा. गणपती."

यावर ते काही बोलले नाहीत. वाटी डबक्यात रिकामी केली, रुमालाने पुसली आणि आम्ही परत फिरलो. रविवारचं बुकिंग सोडून शनिवारी रात्रीच घरी आलो. नंतर बाबांचं इकडे येणं झालं नाही. आधी आईचे गुडघे, मग त्यांचं हृदय. आता ऐंशी ओलांडली, वीस तासांचा प्रवास डॉक्टरच नको म्हणतात.

बाबांनी त्या डबक्यावरून जे ओळखलं ते मी घरी येऊन वाचून काढलं, आणि ते तंतोतंत बरोबर होतं. बर्फाच्या पाण्यात होणारे हे डास एडिस कुळातले. मादी अंडी घालते ती पाण्यात नाही, आटत चाललेल्या डबक्याच्या कडेला ओलसर मातीत. अंडी तिथेच पडून राहतात, त्यांच्यावर हिवाळ्याचा सगळा बर्फ पडतो, आणि पुढच्या वर्षी तो वितळून खळगा भरला की फुटतात. पुढे काही आठवड्यांत डास. वर्षाला अशी एकच पिढी. आपल्याकडच्या डासांसारखं कुंडीतल्या बशीत दर पंधरवड्याला नवीन लॉट, असा प्रकार इथे नसतो. डबकी आटली, जे उडत होते ते वाऱ्यापावसात आणि पक्ष्यांच्या पोटात गेले, की संपलं. सप्टेंबरमध्ये त्याच जागी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसता येतं.

म्हणून तारखेचं इतकं महत्त्व, आणि म्हणूनच ठरलेली अशी तारीख नसते. योसेमिटीतून जाणारा टायोगा रोड हिवाळाभर बंद असतो. तो उघडला कधी हे बघितलं की त्या वर्षीचा बर्फ कळतो. २०११ साली तो १८ जूनला उघडला. पुढच्याच वर्षी, २०१२ साली, ७ मेला. २०२३ साली तर २२ जुलै उजाडला. २०१५ च्या १ एप्रिलला सिएरातला बर्फ नेहमीच्या जेमतेम पाच टक्के होता, बर्फ मोजायच्या जागेवर गव्हर्नर चक्क गवतात उभे होते. आता अशा चार वर्षांत "चार जुलैचा वीकांत" या शब्दांना काय अर्थ उरतो? कुठल्या वर्षी डास संपलेले असतील, कुठल्या वर्षी तळ्यावर बर्फाचे तुकडे तरंगत असतील.

माझा स्वतःचा ठोकताळा असा: ज्या उंचीवर राहायचं तिथल्या वाटेवरचा बर्फ गेल्यावर सहा आठवडे थांबायचं. त्या आधी गेलात तर ते डासांचं घर आहे आणि आपण पाहुणे. हे आधीच कळायला १ एप्रिलची बर्फाची मोजणी बघायची. कुठल्याही वर्तमानपत्रात येते. जुलैचं आरक्षण जानेवारीत करून ठेवलंच असेल तर एप्रिलमध्ये आकडा बघून सरळ रद्द करायचं. थोडे पैसे जातात. लेकीचा डोळा बघण्यापेक्षा बरं.

"अरे, पण जुलैतच फुलं असतात!" हे मला दर वर्षी कुणीतरी ऐकवतं. बरोबर आहे. कार्सन पासची रानफुलं बघण्यासारखी असतातच. पण ज्या ओल्या कुरणात फुलं तिथेच डबकी आणि तिथेच डास, हा एकच हिशेब आहे. (रक्त फक्त मादीला लागतं, तेही अंड्यांसाठी. एरवी नर-मादी दोघंही फुलांमधला मध पिऊन जगतात. म्हणजे त्या फुलांवर आपल्याइतकाच त्यांचाही हक्क.) फुलं बघायची तर दुपारी वारा सुटल्यावर चालत जा, पोटभर बघा, आणि झोपायला खाली उतरा. तंबू तिथे ठोकायलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय?

आता भीतीबद्दल. आपल्या पोटात डास म्हटलं की गोळा येतो तो उगाच नाही. हिवताप, डेंग्यू, चिकुनगुन्या, प्रत्येकाच्या घरात कुणीतरी फणफणलेलं असतं. रोनाल्ड रॉसने १८९७ साली सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधला, तेव्हापासून आपण डासाकडे शत्रू म्हणूनच बघतोय आणि तिथे ते योग्यच आहे. पण ती भीती जशीच्या तशी बॅगेत भरून साडेआठ हजार फुटांवर नेण्यात अर्थ नाही. वरचा डास मुख्यतः खाज देतो. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही, पण कॅलिफोर्नियात काळजी करायचीच असेल तर ती खालच्या डासांची करा. वेस्ट नाइल इथे २००३ साली सापडला, तो पसरवतात ते सखल भागातले क्युलेक्स डास. डेंग्यूवाला एडिस इजिप्ती २०१३ पासून या राज्यात घर करून आहे, आणि २०२३ साली दक्षिण कॅलिफोर्नियात बाहेर कुठेही प्रवास न केलेल्या माणसांना डेंग्यू झाला. हा डास शहरी, कुंड्याबादल्यांत वाढणारा. आम्ही आईला "डोंगरात डास आहेत" म्हणून गाडीत बसवलं, आणि घरी मागच्या अंगणात तिच्याच तुळशीच्या कुंडीखालच्या बशीत पाणी साचलेलं असायचं. बाबा रोज सकाळी ती बशी उपडी करायचे, आम्हाला न सांगता.

शेजाऱ्याच्या धुराच्या यंत्राकडे बघून बाबा काय म्हणाले तेही सांगायला हवं, कारण अशी यंत्रं आता आपल्याही ग्रुपांमध्ये येऊ लागली आहेत. म्हणाले, "उघड्या रानात हवेत मारून काय होतं? वारा आला की संपलं. आणि पाण्याशेजारी?" मग परतीच्या वाटेवर जॅक्सनपर्यंत ते त्यांच्या नोकरीबद्दल बोलत होते. भिंतींवर फवारणी करून देशातला हिवताप १९६५ पर्यंत वर्षाला साधारण एक लाख रुग्णांवर आला होता. स्वातंत्र्याच्या वेळी तो आकडा साडेसात कोटींचा होता. "आम्हाला वाटलं, झालं, आता आमचं खातंच बंद होणार, नोकरी शोधा." आणि १९७६ साली रुग्ण साठ लाखांच्या वर गेले. डासांनी डीडीटी पचवली होती, वर लक्षही ढिलं पडलं होतं. "फवारून काही मरतात. उरतात ते आणखी चिवट," एवढंच म्हणाले. ज्याने आयुष्यभर फवारणी केली त्या माणसाच्या तोंडून हे ऐकल्यावर मी त्या यंत्राच्या वाटेला गेलो नाही.

त्याच गप्पांत त्यांनी विचारलं, "मग तळ्यात गप्पी का सोडत नाहीत?" आपल्याकडे नगरपालिका विहिरींत, हौदांत गप्पी मासे सोडते, त्यामुळे हा प्रश्न स्वाभाविक. गंमत म्हणजे मासे इथेही सोडले गेले, डासांसाठी नव्हे, गळ टाकणाऱ्यांसाठी. सिएरातल्या उंचावरच्या बहुतेक तळ्यांत मुळात मासाच नव्हता. वाटेतले धबधबे चढून तो येणार कुठून? एकोणिसाव्या शतकात लोकांनी खेचरांवरून ट्राउट वर नेले, पुढे तर विमानातून पिल्लं टाकली. त्या माशांनी काय केलं, तर बेडूकमासे खाल्ले. तिथला पिवळ्या पायांचा बेडूक बेडूकमासा म्हणूनच दोन-चार वर्षं काढतो, म्हणजे न गोठणारं खोल तळं त्याला लागतंच, आणि तिथेच मासे बसलेले. वर बुरशीचा रोगही आला. २०१४ साली तो बेडूक सरकारी संकटग्रस्त यादीत गेला. काही तळ्यांतून मासे काढून टाकल्यावर तिथे बेडूक परतलेही. आणि डास? ते डबक्यांत होते, त्यांना या सगळ्याचा पत्ताही नव्हता.

हे सगळं ऐकूनही तुम्ही जुलैत जाणारच असाल (जाल, मला माहीत आहे), तर निदान पैसे कशावर घालवायचे नाहीत ते तरी ऐका. मनगटाला बांधायचे सुगंधी पट्टे, आवाज काढणारी यंत्रं, लसणाच्या आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या, सिट्रोनेलाच्या मेणबत्त्या. २००२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक तुलना छापून आली होती, त्यात माणसांनी डासांच्या पिंजऱ्यात खरोखरीच हात घातले होते. २३.८ टक्के डीटवालं औषध सरासरी पाच तास टिकलं, सिट्रोनेलावाली वीस मिनिटांच्या आत संपली आणि मनगटी पट्ट्यांनी काहीच केलं नाही. डीट अमेरिकन लष्कराने १९४६ साली काढलं, त्याला वास आहे आणि ते प्लास्टिक खातं. माझ्या घड्याळाचा पट्टा त्यानेच गेला. पिकारिडिन प्लास्टिकला काही करत नाही, वासही नाही, मी आता तेच वापरतो. आधी सनस्क्रीन, वर हे. आणि ते अंगाला लावून तळ्यात डुंबायला जायचं नाही. ओल्या रुमालाने पुसा, पाणी काठापासून दूर मातीत टाका. कपड्यांवर मारायचं परमेथ्रिन घरीच मारून वाळवून न्या. ते माशांना आणि पाण्यातल्या किड्यांना फार विषारी असतं.

पण खरं काम कापडच करतं. सैल, फिक्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. पॅंट मोज्यात खोचलेली. आणि टोपीवरून घालायची जाळी. जाळी घातली की माणूस मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्यासारखा दिसतो, हरकत नाही. तंबू कुरणापासून लांब, उघड्या खडकावर, जिथे वारा लागेल तिथे. डास उडण्यात कच्चा असतो, वाऱ्यात त्याचं काही चालत नाही. तसंही पाण्यापासून शंभर-दोनशे फूट लांब राहायचा नियम बहुतेक रानांत असतोच. स्वयंपाक संध्याकाळ व्हायच्या आत उरका. गावाकडे कडुनिंबाचा पाला जाळतात तसा धूर करू म्हणाल, तर उन्हाळ्यात वर बऱ्याच ठिकाणी शेकोटीला बंदी असते.

आता माझ्या सप्टेंबरच्या विरोधातलं, कारण लपवून उपयोग नाही. सप्टेंबर म्हणजे वणवे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातली सगळी राष्ट्रीय वनं बंद ठेवावी लागली, २०२१ सालीही तेच झालं, आणि त्या वर्षीचा काल्डोर वणवा हायवे ५० आणि ८८ च्या मधल्या रानातून, आमच्या त्या सिल्व्हर लेकच्या बाजूनेच गेला. धुरात तंबू ठोकण्यापेक्षा डास परवडले. रात्री पाणी गोठायला येतं. शिवाय शाळा ऑगस्टच्या मध्यावर सुरू झालेली असते, शुक्रवारची एक सुट्टी मागताना बाईंना कारण काय सांगायचं हा प्रश्न असतो. (मी खरं तेच सांगतो. अजून कुणी नाही म्हटलेलं नाही.) म्हणजे डास संपणं आणि धूर सुरू होणं यांच्यामधली एक फट असते, कधी चार आठवड्यांची, कधी चार दिवसांची. ती पकडायची तर निघायच्या आदल्या दिवशी रद्द करायची तयारी हवी. आपल्याला तेच जमत नाही, कारण आपली तारीख दुसऱ्याच कशाला तरी बांधलेली असते.

२०१२ च्या सप्टेंबरमध्ये, लेबर डे उलटल्यावरच्या शनिवारी, आम्ही तिघं एको लेकपासून चालत लेक अलोहाला गेलो. सहा मैल. लेक आठ वर्षांची, निम्म्या वाटेवर "अजून किती" सुरू झालं, पण डोळे दोन्ही उघडे होते. साधारण ८१०० फुटांवर, सगळीकडे ग्रॅनाइट आणि मधे उथळ निळं पाणी, त्यात छोटी छोटी बेटं. मोसमअखेर धरणातून पाणी सोडतात म्हणून काठ उघडा पडला होता, अगदी चित्रातल्यासारखं म्हणता येणार नाही. संध्याकाळी खडकावर बसून थालीपीठ खाल्लं. हात हलवावा लागला नाही. बायको मधेच म्हणाली, "बाबांचं तिकीट तीन आठवडे पुढे ढकललं असतं तर."

गेल्या वर्षी ढकललं असतं तर गणपतीला ते इथे असते. दीड दिवसाचा गणपती काकांनी बसवला असता. तेव्हा हे मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी बाबांना म्हणायची हिंमत झाली असती का, माहीत नाही. पण विचारायला हवं होतं. ते नाही म्हणाले असते तर नाही. डबक्याशी बसून त्यांनी "ऑगस्टअखेर यायचं होतं ना" म्हटलं, तेव्हा त्यांचं मन अर्धं तयार होतं असं मला आता वाटतं.

म्हणून मित्रा, चार जुलै विसर. आईवडिलांना मेमध्ये आणूच नकोस, गणपती झाल्यावर आण. सप्टेंबर-ऑक्टोबर इथे छान असतो, आणि दिवाळीला इकडेच ठेवून घे. त्यांचं तिकीट अजून काढलेलं नाहीस असं तूच म्हणालास.

दर वर्षी कुठल्या ना कुठल्या तळ्यावर गेलो की परतताना फोनला रेंज आली रे आली की बाबांना व्हिडिओ पाठवतो. मागच्या सप्टेंबरचा त्यांनी दोनदा बघितला, मग फोन केला.

"पाणी छान आहे रे. ते डावीकडे खडकाच्या मागे काय आहे, डबकं का?"

"सावली आहे, बाबा."

"नीट बघितलंस ना?"